द्रायू प्रवाहातील अस्थिर स्थायी अवस्थांचे संख्यात्मक गणन

द्रायूच्या (द्रवाच्या वा वायूच्या) प्रवाहात प्रत्येक बिंदूपाशी असणारा वेग व दाब कालानुसार बदलत नसेल, तर त्या प्रवाहाला स्थायी प्रवाह व त्याच्या स्थितीला स्थायी अवस्था म्हणतात. अशा अवस्थेत द्रायू निश्चल असतो असे नव्हे; ओढ्यातील खडकाभोवती पाणी क्षणोक्षणी नवे येत असले, तरी प्रवाहाची आकृती तीच राहू शकते. स्थायी अवस्थेत अल्पसा क्षोभ (विचलन) निर्माण केल्यावर तो विरून जात असेल, तर ती अवस्था स्थिर होय आणि क्षोभ वाढत जाऊन प्रवाह त्या अवस्थेपासून दूर जात असेल, तर ती अस्थिर होय. व्यवहारात ‘स्थायी’ व ‘स्थिर’ हे शब्द जवळजवळ एकाच अर्थाने वापरले जातात. द्रायुयामिकीत मात्र त्यांच्यातील भेद कटाक्षाने पाळावा लागतो. तळहातावर उभी तोललेली काठी हे अस्थिर समतोलाचे परिचित उदाहरण आहे. गतिनियमांच्या दृष्टीने उभी काठी ही खुंटीला लोंबकळणाऱ्या काठीइतकीच खरी समतोल अवस्था आहे. ती आपोआप टिकत नाही एवढेच.

अस्थिर स्थायी प्रवाह निसर्गात किंवा प्रयोगशाळेत सहसा दिसत नाहीत, कारण क्षोभ कोठे ना कोठे असतोच. असे असूनही त्यांचे गणन करण्यासाठी गेल्या काही दशकांत अनेक पद्धती विकसित झाल्या आहेत. याचे कारण असे की, दिसणारा प्रवाह कोणत्या अवस्थेपासून दूर गेला, कोणत्या दिशेने गेला व किती वेगाने गेला, हे सर्व न दिसणाऱ्या अवस्थेच्या गुणधर्मांवरून ठरते. जी अवस्था आपोआप टिकत नाही ती संगणकावर तरी कशी मिळवावयाची, हा या विषयातील मूळ प्रश्न आहे.

वृत्तचितीभोवतीचा प्रवाह : या विषयातील बहुतेक कल्पना एका उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करता येतात. एकसमान वेगाने वाहणाऱ्या द्रायूत एक लांब वृत्तचिती (दंडगोल) आडवी धरली आहे, असे समजू. प्रवाहाचे स्वरूप रेनल्ड्झ अंकावर अवलंबून असते. वेग व व्यास यांच्या गुणाकारास शुद्धगतिक श्यानतेने (श्यानता म्हणजे दाटपणा, तिला घनतेने भागून येणाऱ्या राशीने) भागले असता हा अंक मिळतो. तो सु. ६ पेक्षा कमी असताना द्रायू वृत्तचितीला लगटून पलीकडे जातो. त्यानंतर वृत्तचितीच्या मागे एकमेकांची प्रतिबिंबे शोभावीत असे दोन आवर्त (भोवरे) तयार होतात व ते तेथेच राहतात. अंक सु. ४७ च्या पुढे गेला की, मागील प्रवाह डोलू लागतो आणि दोन्ही बाजूंनी आळीपाळीने आवर्त सुटू लागतात. १ मिमी. जाडीची तार पाण्यात असेल, तर ही मर्यादा सेंकदास सु. ४·७ सेंमी. वेगाला गाठली जाते आणि सेकंदास पाच-सहा आवर्तने होतात. आवर्तांच्या या दुहेरी रांगेला फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बेनार व हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ थीओडोर फोन कारमान यांच्या नावांवरून बेनार-कारमान आवर्तमालिका म्हणतात. उंच धुराडी, केबली, समुद्रतळावरील नळ इत्यादींना बसणारे नियतकालिक हिसके या आवर्तांमुळेच उद्‌भवतात.

रेनल्ड्झ अंक ४७ च्या पुढे गेल्यावर दोन सममित आवर्तांचा स्थायी प्रवाह नाहीसा होत नाही. नाव्ह्ये-स्टोक्स समीकरणांचा (श्यान द्रायूच्या गतीच्या मूलभूत समीकरणांचा) तो निर्वाह म्हणून पूर्वीप्रमाणेच अस्तित्वात असतो. त्याचे स्थैर्य तेवढे गेलेले असते. रेनल्ड्झ अंक वाढवीत नेल्यास हे अदृश्य आवर्त लांबत जातात. रेनल्ड्झ अंक ४० असताना त्यांची लांबी व्यासाच्या सु. सव्वादोन पट असते, तर १०० असताना ती सु. सहापट होते.

येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. डोलणाऱ्या प्रवाहाची दीर्घकाल सरासरी घेतली, तर डोलणे निघून जाऊन मूळ स्थायी प्रवाह उरेल, असे वाटण्याचा संभव आहे. तसे होत नाही. समीकरणांत वेगाचा वेगाशीच गुणाकार असणारे पद आहे आणि गुणाकाराची सरासरी ही सरासऱ्यांच्या गुणाकाराइतकी नसते. २ व ४ यांची सरासरी ३ असून तिचा वर्ग ९ येतो. त्यांच्या वर्गांची सरासरी मात्र १० येते. हा जो एकाचा फरक, त्याच्यासारखाच फरक सरासरी प्रवाहाच्या समीकरणात जादा प्रतिबलाच्या रूपाने शिल्लक राहतो. रेनल्ड्झ अंक १०० असताना सरासरी प्रवाहातील आवर्तांची लांबी व्यासाच्या दुपटीहूनही कमी भरते, म्हणजे स्थायी अवस्थेतील आवर्तांच्या एकतृतीयांशाहून कमी. कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या) बाबतीतही असेच आढळते. ती स्ट्राउहाल अंकाने दर्शविली जाते. हा अंक म्हणजे कंप्रता व व्यास यांच्या गुणाकारास वेगाने भागून येणारी संख्या होय. रेनल्ड्झ अंक १०० असताना प्रयोगात तो सु. ०·१६५ मिळतो, अस्थिर स्थायी प्रवाहात उद्‌भवणाऱ्या अतिसूक्ष्म क्षोभाचा स्ट्राउहाल अंक मात्र ०·१२ च्या जवळपास राहतो. सरासरी प्रवाहावरून काढलेली कंप्रता प्रयोगाशी जुळते, हे ड्वाइट बार्क्ली यांनी २००६ मध्ये दाखवून दिले. यावरून डोलण्याचा उगम व पूर्ण वाढलेले डोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि उगमाचा अभ्यास करावयाचा तर सरासरीवर विसंबता येत नाही, हे स्पष्ट होते.

अदृश्य अवस्था असलीच पाहिजे असे कित्येकदा केवळ तर्कानेही सिद्ध होते. ब्रिटिश गणितज्ञ टी. ब्रुक बेंजामिन यांनी १९७८ मध्ये संस्थितिविज्ञानातील विचारांचा उपयोग करून असे दाखविले की, बंदिस्त जागेतील प्रवाहाच्या स्थायी निर्वाहांची संख्या, काही अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास, विषम असते. म्हणून एकाच परिस्थितीत दोन भिन्न स्थिर प्रवाह आढळले, तर तिसरा, अस्थिर प्रवाह असलाच पाहिजे. दोन दऱ्यांच्या मध्ये डोंगराचा कणा असावाच लागतो, तसेच हे आहे. दोन समाक्ष वृत्तचितींमधील, आखूड उंचीच्या द्रवस्तंभावरील प्रयोगांच्या संदर्भात हे विवेचन करण्यात आले होते. के. ए. क्लिफ यांनी १९८३ मध्ये अशा प्रवाहांच्या स्थिर व अस्थिर अशा दोन्ही शाखांचे गणन केले.

इतिहास : वृत्तचितीभोवतीच्या श्यान प्रवाहाचे संख्यात्मक गणन ए. टॉम यांनी १९३० च्या सुमारास प्रथम केले. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात रेनल्ड्झ अंक १० व २० यांकरिता निर्वाह दिले आहेत. जपानी शास्त्रज्ञ एम. कावागुती यांनी १९५३ मध्ये ४० या अंकासाठी निर्वाह प्रसिद्ध केला. त्यासाठी मेजावरील यांत्रिक गणनयंत्रावर आठवड्यास २० तास याप्रमाणे सु. दीड वर्ष काम करावे लागले. आज हेच गणन साध्या संगणकावर काही सेकंदांत होते. पण ज्या चिकाटीने हा निर्वाह हाती आला तिची नोंद या विषयाच्या इतिहासात घ्यावी लागते. १९७० मध्ये एस. सी. आर. डेनिस व जी. झेड. चँग यांनी १०० पर्यंत मजल मारली. हा प्रवाह प्रयोगात दिसत नाही याची त्यांना अर्थातच कल्पना होती. बेंग्ट फोर्नबेर्ग यांनी न्यूटन पद्धतीच्या साहाय्याने १९८० मध्ये ३०० पर्यंतचे व १९८५ मध्ये ६०० पर्यंतचे निर्वाह मिळविले. रेनल्ड्झ अंक फार मोठा झाला असता स्थायी प्रवाहाचे स्वरूप काय असते, हा सैद्धांतिक प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. त्यावर या आकड्यांमुळे बराच प्रकाश पडला.

प्रारंभीच्या या गणनांत सममितीचा आधार घेतलेला होता. प्रवाहाचा वरचा अर्धाच भाग विचारात घ्यावयाचा आणि मधल्या रेषेतून द्रायू पलीकडे जात नाही अशी अट घालावयाची, म्हणजे डोलण्यास वावच राहत नाही. अस्थैर्य हे सममिती मोडणाऱ्या क्षोभामुळेच येत असेल, तर ही युक्ती पुरेशी ठरते व ती आजही सर्वांत स्वस्त आहे. तथापि वृत्तचिती भिंतीजवळ असेल किंवा पदार्थाचा आकारच वेडावाकडा असेल, तर सममिती उपलब्ध नसते आणि अधिक व्यापक पद्धतींकडे वळावे लागते.

कालक्रमणातील अडचण : संगणकावर प्रवाह मांडण्यासाठी जागेचे जाळ्याप्रमाणे लहान भाग पाडतात आणि प्रत्येक भागातील वेगाचे घटक व दाब या अज्ञात राशी मानतात. ३०० × २०० बिंदूंच्या द्विमितीय जाळ्यात प्रत्येक बिंदूपाशी तीन याप्रमाणे १ लाख ८० हजार अज्ञात राशी येतात. काळ लहान टप्प्यांनी पुढे नेत या राशींच्या नव्या किंमती काढीत जाणे, ही सर्वांत स्वाभाविक पद्धत होय. तीत संगणक निसर्गाचे अनुकरण करतो आणि स्थिर स्थायी अवस्था असल्यास काही काळाने तिच्यावर जाऊन पोहोचतो. अस्थिर अवस्थेच्या बाबतीत मात्र हे अनुकरणच आड येते. प्रारंभीची अवस्था अगदी अचूक दिली, तरी संगणक सु. सोळा अंकांपर्यंतच किंमत साठवितो व उरलेली सूक्ष्म त्रुटी क्षोभाचे काम करते. सोळाव्या दशांश स्थानातील त्रुटी प्रत्येक आवर्तनास दुप्पट होत असेल, तर ५३ आवर्तनांत ती मूळ प्रवाहाच्या बरोबरीची होते.

ही अडचण एका साध्या समीकरणावरून लक्षात येईल. क्ष या राशीच्या बदलाचा वेग (क्ष × क्ष − २) इतका आहे, असे मानू. क्ष ची किंमत २ चे धन वर्गमूळ (१·४१४२१३६) किंवा तेवढेच ऋण असेल, तर वेग शून्य होतो. म्हणजे स्थायी अवस्था दोन आहेत. त्यांपैकी धन अवस्था अस्थिर आहे. १·४ पासून सुरुवात करून काळ पुढे नेल्यास क्ष घसरत ऋण अवस्थेकडे जातो आणि १·५ पासून सुरुवात केल्यास तो अनंताकडे धावतो. काळाबरोबर पुढे जाणाऱ्या गणनाला धन अवस्था कधीच सापडत नाही.

न्यूटन पद्धती : याच उदाहरणात ‘वेग शून्य कोठे होतो?’ एवढाच प्रश्न विचारला, तर काळाचा संबंध उरत नाही. चालू अंदाजापाशी वक्राला स्पर्शरेषा काढावयाची व ती रेषा शून्याला जेथे छेदते तो नवा अंदाज घ्यावयाचा, ही न्यूटन पद्धती होय. १·५ पासून सुरुवात केल्यास अनुक्रमे १·४१६६६६७, १·४१४२१५७ व १·४१४२१३६ हे अंदाज मिळतात. जी अवस्था कालक्रमणात हातातून निसटत होती ती येथे तीन पायऱ्यांत सात दशांश स्थळांपर्यंत मिळाली. अवस्था स्थिर आहे की अस्थिर, याची या पद्धतीला दखलच घ्यावी लागत नाही. निर्वाहाच्या जवळ आल्यावर दर पायरीस अचूक अंकांची संख्या सु. दुप्पट होते, हा तिचा दुसरा मोठा गुण आहे.

प्रवाहाच्या समीकरणांना ही पद्धती लावताना स्पर्शरेषेची जागा याकोबी आव्यूह (कोणत्या अज्ञात राशीच्या बदलाचा कोणत्या समीकरणावर किती परिणाम होतो हे दर्शविणारा कोष्टक) घेतो. वरील द्विमितीय जाळ्यासाठी या कोष्टकात ३,२४० कोटी जागा असतात. सुदैवाने प्रत्येक बिंदूचा संबंध शेजारच्या मोजक्याच बिंदूंशी येत असल्याने बहुतेक जागी शून्ये असतात व अशा विरळ आव्यूहांसाठी कार्यक्षम रीती उपलब्ध आहेत. त्यामुळे द्विमितीय प्रवाहांत न्यूटन पद्धती ही पहिली निवड ठरते. त्रिमितीय प्रवाहात अज्ञात राशींची संख्या सहज कोटींवर जाते आणि आव्यूह साठविणेही कठीण होते. अशा वेळी आव्यूह कोठेही न लिहिता, दिलेल्या सदिशावर त्याची क्रिया केल्यास काय मिळते एवढेच वारंवार काढून समीकरणे सोडविणाऱ्या रीती वापरतात. आलेक्सी क्रिलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. १९८६ मध्ये यूसेफ साद व मार्टिन शुल्ट्झ यांनी दिलेली रीत त्यांपैकी विशेष प्रचारात आहे.

न्यूटन पद्धतीचा दोष असा की, तिला चांगला प्रारंभिक अंदाज लागतो. अंदाज दूरचा असला, तर ती भरकटते किंवा भलत्याच निर्वाहावर जाते. यावर सातत्य पद्धती हा उपाय आहे. ४० या रेनल्ड्झ अंकाचा निर्वाह कालक्रमणानेही मिळतो, कारण तेथे प्रवाह स्थिर असतो. तो ५० साठी अंदाज म्हणून घ्यावयाचा, ५० चा निर्वाह ६० साठी घ्यावयाचा, याप्रमाणे स्थैर्याची सीमा ओलांडून पुढे जाता येते. मात्र निर्वाहांचा वक्र कधीकधी मागे वळतो. अशा वळणापाशी रेनल्ड्झ अंक वाढविल्यास जवळपास निर्वाहच नसतो व पद्धती कोलमडते. अमेरिकन गणितज्ञ हर्बर्ट केलर यांनी १९७७ मध्ये सुचविले की, रेनल्ड्झ अंक हीदेखील एक अज्ञात राशी मानावी आणि वक्रावरून चाललेल्या अंतराने पावले मोजावीत. घाटातील रस्ता वळून उलट दिशेने गेला, तरी रस्त्यानेच चालणारा थांबत नाही. स्थिर शाखा वळणापलीकडे अस्थिर होऊन पुढे जाते, ती या रीतीने सलग काढता येते.

निवडक कंप्रता शमन : पुष्कळ संस्थांकडे व कारखान्यांकडे कालक्रमणाचे मोठे, वर्षानुवर्षे कसून तपासलेले संगणक कार्यक्रम असतात. त्यांत याकोबी आव्यूह नसतो आणि तो नव्याने घालणे म्हणजे कार्यक्रम जवळजवळ पुन्हा लिहिणेच होय. अशांसाठी २००६ मध्ये एस्पेन ओकेर्विक व त्यांचे सहकारी यांनी एक सोपी रीत प्रसिद्ध केली. प्रवाहाबरोबर त्याची एक संथ प्रत चालवावयाची. ही प्रत प्रवाहाच्या मागोमाग जाते, पण जलद चढउतार तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. प्रत्यक्ष प्रवाह व ही प्रत यांतील फरकाच्या प्रमाणात प्रवाहावर एक रोधक बल लावावयाचे. डोलणे हाच बहुतांशी हा फरक असल्याने तेच दबले जाते. या रीतीचे मर्म असे की, प्रवाह स्थायी झाला म्हणजे तो व त्याची प्रत एकच होतात, बल आपोआप शून्य होते आणि उरतो तो मूळ समीकरणांचा खरा निर्वाह. श्यानता कृत्रिमपणे वाढवूनही डोलणे थांबविता येते, पण मग मिळणारा प्रवाह दुसऱ्याच द्रायूचा असतो.

जुन्या कार्यक्रमात काही ओळींची भर घालून काम भागत असल्याने ही रीत लोकप्रिय झाली. तिच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. गाळणीची कंप्रता डोलण्याच्या कंप्रतेहून कमी व रोधनाचा गुणांक क्षोभवाढीच्या दराहून जास्त असावा लागतो आणि योग्य निवड होईपर्यंत बरीच चाचपणी करावी लागते. अभिसरण (निर्वाहाकडे सरकणे) मंद असते. न्यूटन पद्धतीला जेथे पाचसात पायऱ्या लागतात, तेथे येथे हजारो कालटप्पे लागू शकतात. याहून मूलभूत मर्यादा अशी की, क्षोभ डोलत न वाढता एकाच दिशेने वाढत असेल, तर ही रीत कोणत्याही गुणांकांनी यशस्वी होत नाही. संथ प्रतीला असा क्षोभ प्रवाहाचाच भाग वाटतो व तीही त्याच्यामागे जाते. अरुंद पन्हळीतून दोन्ही बाजूंना सारख्याच रुंदावणाऱ्या पन्हळीत शिरणारा प्रवाह याचे उदाहरण आहे. विशिष्ट रेनल्ड्झ अंकानंतर तो मध्यातून न जाता एका भिंतीला चिकटतो, आर. एम. फर्न, टी. मलिन व क्लिफ यांनी १९९० मध्ये याचा प्रयोगाने व गणनाने अभ्यास केला. येथील सममित अस्थिर अवस्था मिळविण्यासाठी सममितीची अट किंवा न्यूटन पद्धती हाच मार्ग आहे.

या दोहोंच्या मधल्या काही पद्धती आहेत. लक्षावधी दिशांपैकी क्षोभ वाढणाऱ्या दिशा सहसा मोजक्याच असतात, हे ध्यानात घेऊन जी. एम. श्रॉफ व केलर यांनी १९९३ मध्ये अशी योजना केली की, तेवढ्या दिशांत न्यूटन पद्धती वापरावी आणि बाकीचे काम जुन्या कालक्रमण कार्यक्रमावर सोपवावे. सी. के. मामून व लॉरेट टकरमन यांनी १९९५ मध्ये कालक्रमणाच्या कार्यक्रमातच थोडे फेरफार करून, खूप मोठा कालटप्पा घेऊन, त्याच्याकडून न्यूटन पद्धतीचे काम करवून घेण्याची युक्ती वापरली.

गणनाची पडताळणी : मिळालेला प्रवाह खरोखरच समीकरणांचे समाधान करतो का, हे प्रथम पहावे लागते, केवळ आकडे बदलायचे थांबले एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. वेगाच्या प्रवणतेचे ढोबळ आसन्नीकरण केले असता समीकरणांत नकळत जादा श्यानता शिरते व जो प्रवाह डोलावयास हवा तो शांत राहतो. अशा गणनाला ‘अस्थिर अवस्था मिळाली’ असे म्हणणे ही शुद्ध फसगत असते. जाळे अधिक बारीक केल्यावर ती उघडी पडते. दुसरी दक्षता गणनक्षेत्राच्या आकाराविषयी आहे. स्थायी अवस्थेतील आवर्त लांबलचक असल्याने प्रवाहाच्या दिशेने क्षेत्र पुरेसे लांब हवे आणि बाजूच्या सीमाही दूर हव्यात, कारण त्या जवळ आल्या तर आवर्तांची लांबी व स्थैर्याची सीमा या दोन्ही बदलतात. दूरच्या सीमेवर कोणत्या अटी घालाव्यात या प्रश्नाला फोर्नबेर्ग यांनी आपल्या १९८० च्या निबंधात महत्त्वाचे स्थान दिले ते याचमुळे.

उपयोग : स्थायी अवस्था हाती आल्यावर तिच्यातील सूक्ष्म क्षोभांच्या वाढीचे दर आयगेन मूल्यांच्या रूपाने काढता येतात. सी. पी. जॅक्सन यांनी १९८७ मध्ये याच मार्गाने वृत्तचिती व इतर आकारांच्या पदार्थांमागे आवर्त केव्हा सुटू लागतात, याचे गणन केले. वृत्तचितीसाठी त्यांना ४६ च्या जवळपास अंक मिळाला. याहून पुढची पायरी म्हणजे संवेदनशीलतेचे गणन होय. प्रवाहात कोणत्या ठिकाणी अल्पसा बदल केला असता वाढीचा दर किती कमी होईल, याचा नकाशा अस्थिर अवस्थेवरून काढता येतो. पॉल स्ट्रायकोव्हस्की व के. आर. श्रीनिवासन यांनी १९९० मध्ये असे प्रयोग प्रसिद्ध केले होते की, वृत्तचितीच्या मागे योग्य जागी एक अगदी बारीक वृत्तचिती ठेवली, तर रेनल्ड्झ अंकाच्या काही मर्यादेपर्यंत आवर्त सुटणे बंद होते. ती जागा त्यांनी चाचपून शोधली होती. २००७ मध्ये फ्लाव्हिओ जान्नेत्ती व पाओलो लुकीनी यांनी आणि २००८ मध्ये ओलिव्हिए मार्के, दनी सिप व लोरां झाकँ यांनी केलेल्या गणनांतून या जागांचे स्पष्टीकरण मिळाले. डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या प्रवाहावरून काढलेला नकाशा प्रत्यक्ष प्रयोगाशी जुळावा, हा या गणनांच्या उपयुक्ततेचा ठळक पुरावा होय. प्रवाहाचे नियंत्रण करणाऱ्या यंत्रणांनाही या अवस्थेची गरज असते. प्रवाह जर अस्थिर स्थायी अवस्थेतच रोखून धरला, तर त्यासाठी लागणारे बल तत्त्वतः अत्यल्प होते. काठी अगदी उभी असताना हात जवळजवळ हलवावा लागत नाही, त्याप्रमाणेच.

संक्षोभाशी संबंध : ओझ्‌बर्न रेनल्ड्झ यांनी १८८३ मध्ये मँचेस्टर येथे नळातील पाण्यात रंगाची धार सोडून स्तरीय प्रवाह संक्षुब्ध (अनियमित, खळबळता) कसा होतो ते दाखविले. नळातील किंवा परस्परांविरुद्ध सरकणाऱ्या दोन समांतर पाट्यांमधील प्रवाहाची अडचण वृत्तचितीपेक्षा वेगळी आहे. पाट्यांमधील साधा स्तरीय प्रवाह अतिसूक्ष्म क्षोभांना प्रत्येक रेनल्ड्झ अंकाला स्थिरच असतो, हे व्ही. ए. रोमानॉव्ह यांनी १९७३ मध्ये सिद्ध केले. तरीही प्रयोगात तो संक्षुब्ध होतो. त्याच्यापासून शाखा फुटत नसल्याने इतर स्थायी निर्वाह शोधावयाचे कोठून हाच प्रश्न होता. मासातो नागाता यांनी १९९० मध्ये त्याला वळसा घातला. प्रवाहाला परिभ्रमण दिले असता शाखा फुटतात. अशा एका शाखेवरील त्रिमितीय निर्वाह घेऊन त्यांनी सातत्य पद्धतीने परिभ्रमण शून्यापर्यंत कमी केले आणि निर्वाह शिल्लक राहिला. फॅबियन वालेफ यांनी २००३ मध्ये दाखविले की, पाट्यांमधील अर्धे अंतर व त्यांच्या सापेक्ष वेगाचा निम्मा भाग धरून मोजल्यास असे निर्वाह १२७·७ इतक्या कमी रेनल्ड्झ अंकापासून असतात. टिकाऊ संक्षोभ प्रयोगात सु. ३२५ पासून दिसतो.

हे निर्वाह अस्थिर असतात, पण त्यांच्यापैकी कमी ऊर्जेच्या शाखेवरील निर्वाहाला, मर्यादित आकाराच्या गणनक्षेत्रात, अस्थैर्याची एकच दिशा असते. त्याची तुलना सह्याद्रीतील खिंडीशी करता येईल. दोन्ही बाजूंच्या शिखरांवरून उतरत आलेल्याला खिंड ही तळाची जागा वाटते. घाटावरून कोकणात जाणाऱ्याला तीच चढाची सर्वोच्च जागा असते. स्तरीय व संक्षुब्ध अवस्थांमधील वाट अशा खिंडीतून जाते. तिच्यापर्यंत पोहोचण्याची एक रीत तर निव्वळ कालक्रमणावर आधारलेली आहे. एक दुबळा क्षोभ विरून जातो व एक जोरकस क्षोभ संक्षोभाला जन्म देतो. मग त्यांच्या मधला क्षोभ घेऊन पहावयाचा, तो विरतो की वाढतो यानुसार पुन्हा मधला घ्यावयाचा आणि याप्रमाणे अंतर निम्मे निम्मे करीत सीमेवरूनच प्रवाह चालवावयाचा. तोमोआकी इतानो व सादायोशी तो यांनी २००१ मध्ये ही रीत पन्हळीतील प्रवाहासाठी वापरली. तिने मिळालेली आसन्न अवस्था न्यूटन पद्धतीला अंदाज म्हणून दिली की, निर्वाह अचूक करून घेता येतो.

नळातील प्रवाहात अशा अवस्था आकृती न बदलता पुढे सरकणाऱ्या लाटांच्या रूपात असतात. त्यांच्याबरोबर सरकणाऱ्या निरीक्षकाला त्या स्थायी दिसतात. होल्गर फाइस्ट व ब्रुनो एकहार्ट यांनी २००३ मध्ये आणि हॉकन वेडीन व रिच कर्सवेल यांनी २००४ मध्ये त्यांचे गणन केले. २००४ मध्येच ब्यॉर्न होफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी नळातील संक्षुब्ध पाण्याच्या छेदाची मापने प्रसिद्ध केली, त्यांत या लाटांशी मिळत्याजुळत्या आकृती अल्पकाळ उमटताना आढळल्या. संक्षुब्ध प्रवाह अशा अनेक अस्थिर अवस्थांच्या जवळून जात, प्रत्येकीपाशी थोडा रेंगाळत, भटकत असतो, अशी कल्पना यांमुळे बळावली. जॉन गिब्सन, जॉनथन हॅलक्रो व प्रेड्रॅग स्विटानोव्हिच यांनी २००८ मध्ये पाट्यांमधील प्रवाहासाठी, ४०० या रेनल्ड्झ अंकाला, ही भटकंती आकृत्यांच्या रूपाने मांडली. ही गणने लहान व आवर्ती क्षेत्रांत आणि संक्षोभ नुकताच सुरू होतो अशा रेनल्ड्झ अंकांना केलेली आहेत. विमानाच्या पंखावरील किंवा मोठ्या जलवाहिनीतील प्रवाहाचे रेनल्ड्झ अंक यांच्या कित्येक सहस्रपट असतात. तेथे क्षोभ वाढण्याच्या दिशांची संख्या झपाट्याने वाढते आणि एकेक अवस्था शोधून काढण्याचा खर्चही तितकाच वाढत जातो.